वाचकांचे प्रश्न : लेकरू कोणाजवळ ठेवायचे?

मूल झाल्यानंतर आपल्या मजुरीचे, नोकरीचे किंवा घरच्या शेतीतील कामाचे काय झाले, असे आम्ही मागच्या अंकात विदर्भाच्या ग्रामीण भागातील वाचक भगिनींना विचारले होते. आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे येथे उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत, आणि मोठी पत्रे आशयाला धक्का न लावता थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी शेतमजुरी करते. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. घरी सासूबाई नाहीत आणि माहेर दूर आहे. पावसाळ्यात निंदणाला आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला मी त्याला सोबत घेऊन जाते. वेचणी किलोवर असते, त्यामुळे तो रडला, त्याला पाजले, धुऱ्यावर (बांधावर) निजवले की तेवढा कापूस कमी भरतो. निंदणाला तर शेतमालक स्पष्टच सांगतात की लेकरू घरी ठेवून येत असशील तर ये. अंगणवाडीत विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, तीन वर्षांचा झाला की आणा, आणि तेव्हाही दुपारी घेऊन जावे लागेल. आमच्यासारख्यांसाठी सरकारची काही सोय आहे का?
— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, अंगणवाडीच्या बाईंनी तुम्हाला टाळले असे समजू नका. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांमध्ये सुरू झाली, तेव्हापासून सहा वर्षांखालील मुलांचा पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण ही तिची कामे ठरली. आई कामावर गेलेली असताना मूल दिवसभर सांभाळणे हे काम या योजनेकडे सोपवलेलेच नव्हते. म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत काही तास बसवून गरम जेवण दिले जाते, आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा आहार घरी नेण्यासाठी दिला जातो. तो शिजवून भरवणारे कोणीतरी घरी असेल, असे त्यात गृहीत धरलेले आहे. तुमच्या घरी दिवसा तसे कोणी नाही, आणि कापसाच्या पट्ट्यात वेचणीच्या दिवसांत असंख्य घरांची हीच स्थिती असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने 2013 मध्ये तुमच्या मुलाच्या वयाच्या बालकांना रोज 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने देणाऱ्या आहाराचा हक्क दिला. पण दीड वर्षाचे मूल एका बैठकीत पुरेसे खाऊ शकत नाही, त्याला दिवसातून अनेकदा थोडे थोडे भरवावे लागते, आणि सकाळपासून सायंकाळपर्यंत पऱ्हाटीत वाकलेल्या आईकडून ते होणे शक्य नाही. त्यामुळे पाळणाघर नसणे हा मजुरीइतकाच कुपोषणाचाही प्रश्न आहे, असे मी मानते.

तुम्ही लिहिलेली किलोची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलामुळे काम सोडावे लागले का, असे कोणी विचारले तर तुम्ही नाही म्हणाल, कारण तुम्ही रोज कामाला जाता. आणि तेवढ्याने विचारणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. पण हिशेब करून पाहा. समजा, एकटीने गेल्यावर तुम्ही 40 किलो वेचता, मूल सोबत असताना 28 किलो वेचता, आणि वेचणीचा भाव किलोला 10 रुपये आहे. मग मूल सांभाळण्यापोटी तुम्ही रोज 120 रुपये मोजतच आहात. ती रक्कम कोणी हातात मागत नाही आणि कोठे लिहिली जात नाही, म्हणून घरातल्यांना ती खर्च वाटत नाही. देशाच्या श्रमबल सर्वेक्षणात ग्रामीण भागातील 15 वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 2017-18 मध्ये 24.6 टक्के होते, ते 2023-24 मध्ये 47.6 टक्के झाले. ही वाढ दाखवून आता बाया कामावर आल्या असे सांगितले जाते. परंतु त्यात घरच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात मोबदल्याविना राबणाऱ्या स्त्रियाही मोजलेल्या आहेत. लेकुरवाळी बाई काम करते की नाही, यापेक्षा मुलाच्या पहिल्या तीन वर्षांत तिच्या हातात किती पैसे पडतात, हे विचारायला हवे.

आता सोयीविषयी. केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना 2006 मध्ये सुरू झाली, 2017 मध्ये तिचे राष्ट्रीय पाळणाघर योजना असे नामांतर झाले, आणि 2022 पासून ती ‘मिशन शक्ती’मध्ये ‘पाळणा’ या नावाने समाविष्ट आहे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेच्या नियमांत पाळणाघर महिन्यातून 26 दिवस आणि दिवसाला साडेसात तास चालावे असे म्हटले होते, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून मुलामागे महिन्याला केवळ 20 रुपये घेण्याची तरतूद होती. ‘पाळणा’मध्ये अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे, वयाची मर्यादा सहा महिने ते सहा वर्षे अशी आहे, आणि आई पगारी नोकरीतच असली पाहिजे अशी अट नाही. म्हणजे नियमाने तुमचा मुलगा या योजनेत बसतो. मात्र पाळणाघर गावात आपोआप उघडत नाही. ते मंजूर करून घ्यावे लागते. गावातील सहा वर्षांखालील मुलांची, त्यातही तीन वर्षांखालच्यांची वेगळी, यादी करा. प्रत्येक नावापुढे आईचे काम, कामाचे महिने आणि घरातून निघण्याची व परतण्याची वेळ लिहा. महिला ग्रामसभेत ठराव घ्या. आणि ठरावासह यादी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या. एकटीचा तोंडी प्रश्न बाजूला पडतो, पंचवीस आयांच्या सह्यांचा ठराव सहसा पडत नाही.

मंजुरीला वेळ लागेल, आणि तुमचा मुलगा तोवर थांबणार नाही, हेही मला कळते. म्हणून एक जुनी तरतूद सांगते. 2005 च्या मूळ ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये असे म्हटले होते की, कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा त्यांहून अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकी एका बाईला मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला मजुरीच्या दरानेच पैसे द्यावेत. खासगी शेतमालकाला हा नियम बंधनकारक नाही, पण तुमच्या सोबतच्या बाया तो आपसांत लागू करू शकतात. एकत्र निंदणाला जाणाऱ्या बायांपैकी पाच-सहा जणींची लहान मुले असतील, तर एकीने गावातच, सावलीच्या आणि पाण्याच्या ठिकाणी, मुलांजवळ थांबावे आणि बाकीच्यांनी तिची रोजी वाटून द्यावी. प्रत्येकीच्या वाट्याला जे येईल, ते आज बुडणाऱ्या रोजीपेक्षा कमीच असेल. थांबणारी बाई मात्र जाणती असावी. आठ-दहा वर्षांच्या मुलीवर हे काम टाकू नये. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : मी चार मुले वाढवली. वावरात झाडाला झोळी बांधली, मोठीने लहानाला झोका दिला आणि आम्ही दिवसभर काम केले. आता सुना म्हणतात की पाळणाघर पाहिजे. नातवाला मी पाहते, माझी त्याबद्दल तक्रार नाही, पण पैसे देऊन परक्या बाईजवळ लेकरू ठेवायचे हे मनाला पटत नाही. आम्हाला जे जमले ते यांना का जमू नये?
— एक आजी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : मावशी, तुम्ही चार मुले वाढवलीत आणि शेतही सांभाळलेत, याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तुमच्या पत्रातील एका वाक्याकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळले : मोठीने लहानाला झोका दिला. तुमच्या काळीसुद्धा मुलांजवळ कोणीतरी लागतच होते, आणि ते कोणीतरी म्हणजे घरातली थोरली मुलगी होती. ती त्या वर्षांत शाळेत किती दिवस गेली, हे तुम्हालाच ठाऊक असेल. काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम केले, तेव्हा धाकट्या भावंडांच्या सांभाळामुळे मोठ्या मुली शाळेत येत नाहीत हे त्यांनी हेरले. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली : थोरलीने धाकट्याला सोबत आणावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. थोरलीची शाळा सुटू नये, याच्याशी पाळणाघराचा इतका जुना आणि थेट संबंध आहे.

दुसरे म्हणजे वावर आता तुमच्या वेळचे राहिलेले नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ही आपल्या शेजारची घटना आहे. धडधाकट माणसाच्या अंगात भिनणारे औषध बाजूच्या धुऱ्यावर झोळीत झोपलेल्या बाळापर्यंत किती सहज पोहोचत असेल, याचा विचार करा. औषधाचे रिकामे डबे, उन्हाचा कडाका, विंचू-साप हे सारे तेथेच असते, आणि आईला मान वर करून पाहायला वेळ नसतो.

तुमच्या स्वतःच्या कामाबद्दलही मला लिहायचे आहे, कारण तुम्ही ते एका वाक्यात उरकले. नातवाला पाहण्यासाठी तुम्ही घरी राहता, म्हणून सून कामावर जाऊ शकते. तिच्या मजुरीत तुमचाही वाटा आहे. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि पुरुष 88 मिनिटे, असे आढळले. घरातल्यांच्या संगोपनासाठी स्त्रिया 137 मिनिटे आणि पुरुष 75 मिनिटे देतात. या मिनिटांत तुमच्यासारख्या आज्यांचीही मिनिटे आहेत. दीड-दोन वर्षांच्या पळत्या मुलामागे दिवसभर धावणे गुडघे दुखत असताना सोपे नसते, आणि ज्या घरात आजी नाही किंवा ती स्वतःच मजुरीला जाते, तेथे हा आधारही नाही. पाळणाघर आले म्हणजे आजी नको झाली, असे कृपया समजू नका. गावच्याच ओळखीच्या बाईजवळ नातू काही तास राहिला आणि उरलेला वेळ तुमच्याजवळ, असे होऊ शकते. आणि ती बाई परकी राहू नये म्हणून तिला निवडताना तुमच्यासारख्यांचे मत आधी घेतले गेले पाहिजे.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी एका खासगी कार्यालयात संगणकावर नोंदीचे काम करते. पगार 9,000 रुपये आहे. मुलगी दहा महिन्यांची आहे. तालुक्याच्या गावी एक पाळणाघर आहे, ते महिन्याला 3,000 रुपये घेते. एसटीचे भाडे वेगळे. घरचे म्हणतात, एवढे देऊन हातात काय उरते, त्यापेक्षा तीन-चार वर्षे घरी बस. मलाही हिशेब तसाच दिसतो, पण मन मानत नाही. काय करावे?
— एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, तुमचे मन मानत नाही याचे कारण हिशेबातच आहे. पाळणाघराचे 3,000 रुपये तुमच्या एकटीच्या पगारातून वजा का केले जातात? मुलगी दोघांची आहे. घराचे भाडे, किराणा, दवाखाना हे खर्च कोणी एकाच्या पगारावर टाकत नाही. ते दोघांच्या मिळून कमाईतून होतात. मुलीच्या सांभाळाचा खर्च तसाच मांडला, तर आईची नोकरी तोट्याची आहे हा निष्कर्ष निघणार नाही. घरी बोलताना आधी एवढेच मांडा आणि कागदावर लिहून दाखवा.

आणि पुढच्या वर्षांचाही विचार करा. आज घरी बसलात तर फक्त तीन-चार वर्षांचा पगार जातो असे नाही. त्या वर्षांतली पगारवाढ, हातातले कसब आणि ओळखीही जातात, आणि परत काम शोधताना तुम्हाला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. तालुक्याच्या गावी नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. 2023 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील दोनशे वर्षांची माहिती तपासून दाखवले की, आज तेथे एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांच्या कमाईत जी तफावत आहे, ती मोठ्या प्रमाणात पहिले मूल झाल्यानंतर सुरू होते. मेहकर आणि अमेरिका यांत अंतर आहे, पण ‘तीन-चार वर्षे घरी बस’ हा सल्ला दोन्हीकडे सारखाच दिला जातो आणि त्याची किंमत दोन्हीकडे बाईच मोजते.

दराबद्दल मात्र मी तुमच्या घरच्यांना पूर्ण चूक म्हणणार नाही. 9,000 रुपये पगाराच्या बाईला 3,000 रुपये परवडणे कठीण आहे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत आईवडिलांचे मिळून महिन्याचे उत्पन्न 12,000 रुपयांपर्यंत असेल तर मुलामागे 100 रुपये, आणि त्याहून अधिक असेल तर 200 रुपये, असे दर होते. 200 आणि 3,000 यांच्यामधल्या दरीत तुमच्यासारख्या हजारो नोकरदार आया अडकलेल्या आहेत. कॅनडातील क्वेबेक प्रांताने 1997 मध्ये दिवसाला पाच डॉलर एवढ्या ठरावीक दराने बालसंगोपन देण्यास सुरुवात केली, तेव्हा लहान मुलांच्या आयांचे नोकरीतील प्रमाण स्पष्टपणे वाढले. मात्र तेथील मुलांच्या वागण्यावर आणि आरोग्यावर काही अनिष्ट परिणामही संशोधकांनी नोंदवले, म्हणून नुसता दर कमी करून भागत नाही, सांभाळणारी माणसेही पुरेशी लागतात. तुमच्या मुलीसाठी जागा पाहताना एका बाईकडे एक वर्षाखालील किती मुले आहेत, हे दर विचारण्याआधी विचारा. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या तुमच्यासारख्या आणखी काही आया असतील. बचत गटातील एखाद्या अनुभवी बाईला मिळून महिन्याची रक्कम ठरवून दिली, तर प्रत्येकीचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो.

प्रश्न : आमच्या जिनिंगमध्ये हंगामात चाळीसएक बाया असतात. लेकरे कापसाच्या गंजीजवळ खेळतात. मालकाने पाळणाघर द्यावे असा काही कायदा आहे का?
— एक कामगार, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 48 नुसार ज्या कारखान्यात सर्वसाधारणपणे तीसपेक्षा अधिक स्त्री-कामगार असतात, तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली आणि प्रशिक्षित बाई देणे बंधनकारक केले गेले होते. त्याशिवाय 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक केले, त्यात पुरुष कर्मचारीही मोजले जात, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू देण्याची तरतूद होती. नोव्हेंबर 2025 पासून या दोन्ही कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली आहे, आणि 50 कर्मचाऱ्यांची ही तरतूद त्यांपैकी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. अडचण हजेरीपुस्तकात असते. बायांना ठेकेदारामार्फत आणून त्यांची नावे न लिहिल्यास संख्या कागदावर कमी दिसते. म्हणून आधी आपली नावे हजेरीवर चढली आहेत का ते पाहा, आणि तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात सामूहिक सहीने द्या. गंजीजवळ आगीचा धोका असतो, हे तक्रारीत पहिल्या ओळीत लिहा.

प्रश्न : आमची ग्रामसभा सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रातील तेंदूपत्ता स्वतः विकते. त्या पैशातून गावात लहान मुलांसाठी पाळणाघर चालवावे असा विचार महिलांनी मांडला आहे. पुरुषांपैकी काहींचे म्हणणे आहे की तो पैसा रस्त्याला आणि समाजमंदिराला लावावा. पाळणाघर कसे चालवावे आणि किती दिवस चालवावे, हे कळवावे.
— ग्रामसभेच्या एक सदस्य, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, तुमचे पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण पैसा आणि निर्णय ही दोन्ही गावाच्याच हातात आहेत. पुरुषांच्या आक्षेपाला उत्तर देताना एक गोष्ट जरूर मांडा : तेंदूपत्ता तोडणारे निम्मे हात बायांचे आहेत, आणि ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घरचे तेवढे हात हंगामात कमी पडतात. पाळणाघर झाले तर पुडेही अधिक बांधले जातील. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, आणि पेसा क्षेत्रातील (आदिवासी भागातील पंचायतींसाठीचा पेसा कायदा लागू असलेल्या) ग्रामपंचायतींना राज्य शासनाकडून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी मिळतो. पाळणाघराचा खर्च या निधीतून कसा मांडता येईल, हे ग्रामसेवकांशी बोला. मग रस्ता की पाळणाघर असा वाद कदाचित उरणार नाही.

वेळेबद्दल आधी लिहिते, कारण बहुतेक पाळणाघरे तेथेच फसतात. कार्यालयाच्या वेळेत, दहा ते पाच, चालणारे पाळणाघर तुमच्या गावात रिकामे राहील. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात बाया पहाटे अंधारात जंगलात जातात आणि ऊन चढल्यावर परततात. नंतर पुडे बांधणे घरी असते. त्या दिवसांत पाळणाघर पहाटे उघडून दुपारी बंद झाले पाहिजे. जुलैमध्ये रोवणी सुरू झाली की सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत चिखलात काम असते. तेव्हा ते पूर्ण दिवस हवे, आणि पावसात गळणार नाही असे छत हवे. मोहफुले वेचण्याच्या मार्च-एप्रिलच्या दिवसांत पुन्हा पहाटेची वेळ येते. धानकापणीनंतर काम कमी होते, तेव्हा तास कमी करता येतील, पण पूर्ण बंद करू नका. मुलांची सवय मोडते, आणि सांभाळणाऱ्या बायांना वर्षभराचे मानधन नसेल तर पुढच्या हंगामात त्या मिळत नाहीत. टोले आणि पाडे एकमेकांपासून दूर असतील, तर एक मोठे केंद्र उघडण्यापेक्षा प्रत्येक वस्तीत एक लहान खोली बरी. मुलाला कडेवर घेऊन पहाटे तीन किलोमीटर उलट दिशेने चालणारी आई मला तरी शक्य वाटत नाही.

छत्तीसगड तुमच्या शेजारीच आहे. तेथे बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने जंगलपट्टीतील वस्त्यांवर सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ चालवल्या आहेत. वस्तीतीलच बाया मुले सांभाळतात आणि दिवसातून अनेकदा ताजे अन्न भरवतात. हा नमुना तुमच्या परिस्थितीला जवळचा आहे. ग्रामसभेतील चार-पाच जणींनी तेथे जाऊन तो पाहावा, असे मी सुचवते.

सरकारी नियमांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक कार्यकर्ती आणि सोबत मदतनीस असे प्रमाण आहे. माझे मत असे की एका वेळी दोन बाया असल्याशिवाय केंद्र उघडूच नये. एक मूल आजारी पडले किंवा एकीला घरी जावे लागले, तर दुसरी हवी. त्यांपैकी निदान एक गोंडी सहज बोलणारी असावी, कारण दीड वर्षाच्या मुलाला समजणारी भाषा तीच आहे. जेवणात मऊ भात-वरण, भाजी, तेल आणि जमेल तेव्हा अंडे असावे, आणि ते दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. घरी नेण्यासाठी मिळणारा अंगणवाडीचा आहार आयांच्या संमतीने येथेच शिजवता येईल. दर महिन्याला वजन घेऊन ते आयांना सांगावे, आणि वजन घटलेल्या मुलाची खबर त्याच आठवड्यात आशाताईंना द्यावी. चूल खोलीच्या बाहेर, पाणी झाकलेले, दाराला अडसर आणि रात्री झोपायला मच्छरदाणी लागते तशीच ती मुलांच्या दुपारच्या झोपेलाही हवी, कारण तुमच्या भागात हिवतापाचा धोका मोठा आहे. खर्चाची वही दर ग्रामसभेत वाचून दाखवा. तुम्ही किती दिवस चालवावे असे विचारले आहे. निदान दोन वर्षे पुरेल एवढे मानधन बाजूला ठेवून मगच सुरुवात करा, आणि पहिल्याच दिवसापासून ‘पाळणा’ योजनेखाली मंजुरी मागत राहा, म्हणजे तेंदूचा भाव पडलेल्या वर्षी केंद्र बंद पडणार नाही.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. गावात पाळणाघर हवे हे मला मान्य आहे, कारण कामावर जाणाऱ्या आया माझ्याच दारात लहान मुले सोडून जातात आणि मी नाही म्हणू शकत नाही. पण आधीच आहार, वजने, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी यांत दिवस जातो. आता ‘अंगणवाडीलाच पाळणाघर जोडा’ असे सारे म्हणतात. जोडले तर ते चालवणार कोण?
— एक सेविका, अचलपूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि वरच्या उत्तरांत मी स्वतः अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याबद्दल लिहिले असल्यामुळे त्याला नेमके उत्तर देणे माझे काम आहे. ‘पाळणा’ योजनेत पाळणाघरासाठी स्वतंत्र कार्यकर्ती आणि स्वतंत्र मदतनीस धरलेली आहे. त्या नेमल्याविना फक्त फलक लावून सेविकेची वेळ वाढवणे हे योजनेला धरून नाही, आणि तशी तोंडी सूचना आली तर ती लेखी मागा. एक आई मजुरीला जाऊ शकावी म्हणून दुसऱ्या बाईने अपुऱ्या मानधनावर दुप्पट राबावे, हा तोडगा मला मान्य नाही. सेविका व मदतनीस यांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी दिला, तेव्हा त्यांचे काम केवळ सेवाभावाचे आहे ही समजूत न्यायालयाने बाजूला सारली. पाळणाघराच्या बाबतीतही त्याच समजुतीवर विसंबून राहिले जाऊ नये.

आज ज्या आया तुमच्या दारात मुले सोडतात, त्यांची तारीखवार नोंद एका वहीत ठेवा : मुलाचे वय, आणले ती वेळ, नेले ती वेळ आणि आई कोणत्या कामाला गेली. ही वही तुम्ही करत असलेल्या अतिरिक्त कामाचा पुरावा आहे आणि गावाच्या गरजेचाही. पर्यवेक्षिकांच्या मासिक बैठकीत ती दाखवा आणि ग्रामसभेच्या ठरावाला तिची प्रत जोडा. खोली एकच असेल, तर तीन ते सहा वर्षांची मुले शिकत असताना तान्ही मुले त्याच खोलीत झोपू शकत नाहीत, हेही ठरावात लिहून घ्या. आणि तुमच्या संघटनेमार्फत मागणी जाईल तेव्हा वेगळी खोली, वेगळी नेमणूक आणि त्या नेमणुकीचे मानधन हे तिन्ही एकाच अर्जात असू द्या. त्यांतले एक आज आणि बाकीची पुढे बघू, असे उत्तर आले तर ते स्वीकारू नका.